लॉकडाऊनमध्ये देव भेटला की माणसं?

कुळागरकर: चवथ (आमच्या गोव्यातली गणेश चतुर्थी) झाली, पाहुणे गेले, घर परत शांत, म्हणून लिहितोय. 2020 ची चवथ आठवते का, 22 ऑगस्टची? आमच्या मूळ घरात दरवर्षी मुंबई, बेळगावहून पन्नासेक माणसं जमतात, त्या वर्षी मी, आई आणि बाबा. गणपतीच्या वर फळं टांगतात त्या माटोळीला रानातली कवंडाळं नाहीत, घागऱ्या नाहीत, कुळागरातला, म्हणजे बागेतला, सुपारीचा घोस, चार नारळ आणि शेजाऱ्याने गडग्यावर ठेवलेलं तोरंजन. आरतीला घुमट (मातीचं, कातडं ताणलेलं वाद्य) वाजवणार कोण म्हणून मी मोबाईलवर लावायला गेलो तर बाबा काही न बोलता माळ्यावर चढले आणि जुनं घुमट काढून आणलं. पावसाने कातडं सैल पडलेलं, ते चुलीच्या धगीवर फिरवून फिरवून ताणलं आणि वाजवलं की हो! चाळीस वर्षांत मला माहीत नव्हतं त्यांना येतं ते. मी देवदेव करणारा नाही पण त्या रात्री आरती म्हणताना घसा भरून आला. माझं मत असं की माणूस एकटा पडल्याशिवाय त्याला देव पण कळत नाही आणि घरचे पण. बोला.

पर्वरीची: सॉरी दादा, पण हे ज्यांच्या घरात माणसं होती त्यांचं झालं. मी मे 2021 मध्ये पॉझिटिव्ह, भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी, देवाला हाका मारून झाल्या, काही नाही. समोरच्या आंटीशी माझं पार्किंगवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. तिने तिसऱ्या दिवशी दाराच्या कडीला पिशवी अडकवली, आत डब्यात पेज आणि तोरांचं, म्हणजे कैरीचं, लोणचं. मग रोज. संध्याकाळी ती तेर्स (ख्रिश्चनांची जपमाळेची प्रार्थना) म्हणायची, मुद्दाम दार उघडं ठेवून, मला एक शब्द कळत नव्हता तरी ते ऐकत झोपायचे. श्रद्धा बिद्धा नाही, माणसाचा आवाज होता म्हणून.

कुळागरकर: ताई, तीच तर श्रद्धा ना?

पर्वरीची: नाही!! पेज आंटीने शिजवली. प्रत्येक चांगल्या गोष्टीवर देवाचं लेबल लावायची सवय आहे आपल्याला.

वास्कोचो_पोर: मला मुळात "एकटेपणात श्रद्धा" हेच पटत नाही. आमचा वास्कोतला दामोदर सप्ताह सुरू झाला तोच साथीत, लोक मरत होते तेव्हा गावकऱ्यांनी जांबावलीच्या देवळातून दामोदराचा नारळ आणला आणि चोवीस तास भजन केलं. घरात बसून नाही केलं, एकत्र येऊन केलं. 2020 ला भजन चुकलं नाही पण फेरी (जत्रेचा बाजार) नाही, गर्दी नाही, आम्ही घरात मोबाईलवर बघत बसलो, अर्ध्यात नेट गेलं, आजी म्हणाली बंद कर रे ते. भक्तीला शेजारी कोणीतरी टाळ कुटणारा लागतो, काय ते एकट्याने डोळे मिटून!

तारवटी: वास्को, एकट्याने पण होते रे. मी क्रूझवर होतो, पॅसेंजर उतरवले आणि आम्ही क्रू अडकलो, खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दिवसाला तीनदा दारात ट्रे. मी लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरून जत्रेत होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जाणारा भक्त. 2020 च्या 28 एप्रिलला जत्रेची पंचमी होती, देवीच्या शिरगावला पण तेव्हा नेहमीसारखी जत्रा नव्हतीच. मी पाच दिवस केबिनमध्येच व्रत पाळलं. ट्रेमध्ये रोज चिकन, ते तसंच परत. दुसऱ्या दिवशी समोरच्या केबिनच्या फिलिपिनो पोराने खुणेने विचारलं आजारी आहेस का, मी देव्हाऱ्यासमोर जोडतो तसे हात जोडून दाखवले, तर तिसऱ्या दिवसापासून त्याची केळी आणि ब्रेड माझ्या दारात. आता यात देव कुठला आणि माणूस कुठला ते तुम्ही ठरवा. पण खरं सांगतो, आता दरवर्षी जत्रेला जातो, होमकुंडावरून जातो, तरी त्या केबिनसारखं लागत नाही.

पर्वरीची: हे पटलं. म्हणजे दार उघडलं की संपलं. आंटी पण आता लिफ्टमध्ये नुसती हसते, पार्किंग अजून तिचंच 😄

वास्कोचो_पोर: मग टिकलं काय? कुळागरकर, बाबा वाजवतात का घुमट अजून?

कुळागरकर: यंदा वाजवणारे चार पोरगे आले होते, बाबा मागे खुर्चीवर बसून मांडीवर बोटांनी ताल धरत होते. कोणी विचारलं नाही त्यांना. मीही नाही.