मदत हवी आहे: सेको ६१३९ चा क्रोनो काटा अडकत चालतोय

मंडळी, काकांनी कुवेतला असताना घेतलेलं सेको ६१३९ हे मनगटी घड्याळ सर्व्हिसिंगला उघडलंय आणि क्रोनोपाशी (क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातलं स्टॉपवॉच) येऊन अडलोय. क्रोनो बंद असला की घड्याळ छान चालतं, पण वरचं बटन दाबलं की मोठा सेकंद काटा थोडा चालतो, थांबतो, परत चालतो आणि एवढं होऊनही वेळ मात्र चुकत नाही. काटा घट्ट बसलाय, कॉलम व्हीलचे (क्रोनो चालू-बंद करणाऱ्या चाकाचे) दात शाबूत आहेत, म्हणजे मधला व्हर्टिकल क्लचच (क्रोनो काट्याला चालत्या मशीनशी जोडणारा भाग) घसरत असणार असं मला वाटतंय.

आता हे क्लचचं चाक काही खोलता येत नाही, मग ते साफ कसं करायचं? कोणी म्हणतं पेट्रोलमध्ये अजिबात बुडवू नका आतलं वंगण जातं, कोणी म्हणतं बुडवा आणि नंतर तेल द्या. स्वतः केलेल्यांनीच सांगा प्लीज, आणि तेल कोणतं, किती, तेही.

१९६९ चं मशीन आहे हो, पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफपैकी एक, १९७३ मध्ये अंतराळवीर विल्यम पोग स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकावर ६१३९ च घेऊन गेले होते, त्यामुळे डोनर मशीनचं (सुट्या भागांसाठी घेतलेल्या दुसऱ्या जुन्या मशीनचं) चाक टाकायला जीव होत नाही. पण तोच उपाय असेल तर स्पष्ट सांगा. पुण्या-मुंबईत जुने सेको क्रोनो करणारा कारागीर माहीत असेल तर तेही कळवा.