लाईट गेल्यावर तुम्हाला काय सांगितलं गेलं?

परवा रात्री आमच्याकडे सव्वासहा तास लाईट नव्हती. आठला गेली. साडेआठला फोन लावला तर "अर्ध्या तासात येईल". साडेनऊला तेच, अकरालाही तेच. घरात वडील ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. मशीन बॅटरीवर चालू होतं. अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे म्हणून मी दुसऱ्या सिलिंडरची सोय करायला निघालोच नाही. पावणेअकराला बॅटरी संपली आणि घरातला एकुलता एक सिलिंडर लावला. त्यानंतर मोबाईलच्या उजेडात सिलिंडरवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा बघत बसलो. लाल पट्ट्याच्या दिशेने तो सरकतोय की मला तसं वाटतंय, हेच कळेना.

बिघाड होणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. "आज रात्री येणार नाही" एवढं कुणी म्हणालं असतं, तर नऊलाच सिलिंडर आणायला गेलो असतो. म्हणून विचारतोय. लाईट किती वेळ नव्हती ते लिहाच, पण त्या वेळात तुम्हाला काय सांगितलं आणि ते खरं निघालं का, हेही लिहा. वीज कंपनीत काम करणाऱ्यांनी आतली बाजू जरूर सांगा. कंपन्यांची नावं नकोत.

*

मी चार वर्षं तक्रार केंद्रात फोन घेत होते. तो "अर्धा तास" कुठून येतो ते सांगते. आमच्या स्क्रीनवर फीडरचं, म्हणजे सबस्टेशनवरून एका भागाला वीज देणाऱ्या लाईनीचं नाव आणि "बंद" एवढंच दिसायचं. पण वेळेचा रकाना भरल्याशिवाय तक्रार सेव्ह व्हायची नाही. म्हणून सगळ्याजणी ३० टाकायच्या. समोरचा माणूस त्यावर आपली रात्र आखतोय, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आमच्याही मनात आलं नाही. तुमचं वाचून आज फार वाईट वाटलं.

पुढे नवीन प्रमुख आले. त्यांनी तीनच उत्तरं ठरवून दिली: कारण शोधतोय, कारण सापडलं, दुरुस्ती अमुक वाजेपर्यंत. पहिल्या दोन्हींत वेळ सांगायचीच नाही. मला वाटलं, लोक चिडतील. पण उलट, तोच माणूस दर वीस मिनिटांनी फोन करायचा ते थांबलं.

*

लाईनमन आहे, एकोणीस वर्षं. वेळ का सांगता येत नाही ते लिहितो.

११ केव्हीचा (११ हजार व्होल्टचा) फीडर ट्रिप झाला, म्हणजे बिघाडामुळे आपोआप बंद पडला, की कित्येक किलोमीटरच्या लाईनीत कुठेतरी काहीतरी झालंय, एवढंच माहीत असतं. मग मधला स्विच उघडून अर्धी लाईन वेगळी करायची आणि सबस्टेशनला उरलेली लाईन चार्ज करून, म्हणजे तिच्यात वीज सोडून बघायला सांगायचं. टिकली तर फॉल्ट पुढच्या अर्ध्यात. मग त्याचे परत दोन भाग. तुमची लाईट येते आणि परत जाते, ती बऱ्याचदा यामुळे. आम्ही शोधत असतो.

तार तुटलेली असली किंवा फांदी पडली असली तर बरं, दिसते तरी. सगळ्यात वाईट म्हणजे फुटका पिन इन्सुलेटर, तार पोलापासून वेगळी ठेवणारा चिनी मातीचा तुकडा. एका रात्री चाळीसेक पोल बघून झाले, काही नाही. पाऊस थांबला की लाईन टिकायची, सर आली की ट्रिप. शेवटी एका पोलावर बॅटरीचा झोत तिरका पडला तेव्हा दिसलं: केसाएवढी चीर आणि तिच्या कडेला काजळीसारखा डाग. चिरेत पाणी शिरलं की करंट खाली उतरायचा. बदलायला चाळीस मिनिटं लागली, शोधायला चार तास.

आणखी एक. घरी जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्या, हात जोडून सांगतो. नाहीतर तुमची २३० व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटी शिरते आणि वरच्या तारेत ११ हजार होऊन येते. लाईन बंद केल्याचं परमिट हातात होतं, सबस्टेशनचा ब्रेकर उघडा होता, तरी तारा जमिनीला जोडणारी अर्थिंगची साखळी टाकताना माझ्यासमोर ठिणगी उडाली. अर्थिंग न करता हात घातला असता तर आज हे लिहीत नसतो. पोलावर चढण्याआधी आम्ही वेळ काढतोय असं खालून वाटतं. तो वेळ यासाठीच जातो.

*

आमचा प्रकार वेगळा. अंधारात बसलो असताना मोबाईलवर संदेश आला, "आपला वीजपुरवठा सुरळीत झाला आहे." समोरच्या इमारतीत खरंच उजेड होता. आम्हाला वाटलं, मुद्दाम आपल्याकडे दुर्लक्ष करतायत. दुसऱ्या दिवशी कळलं की फीडर चालू होताच त्यावरच्या सगळ्या तक्रारी आपोआप बंद झाल्या. पण त्याच वादळात आमच्या ट्रान्सफॉर्मरचा एक फ्यूजही उडाला होता, तो कुणालाच दिसला नाही. आम्ही मात्र आता येईल, मग येईल म्हणत सकाळपर्यंत थांबलो. तेव्हा असा संदेश आला आणि लाईट नसेल तर लगेच परत फोन करा, आणि "शेजारी आहे, आमच्याकडे नाही" हे शब्द नक्की वापरा.

*

दवाखान्यात लसींचा फ्रिज आहे. आतलं तापमान २ ते ८ अंशांतच राहावं लागतं. दुरुस्तीसाठी दहा ते पाच बंद अशी सूचना आली होती आणि लाईट गेली पावणेनऊला. तेव्हा आइस पॅकची तयारी झालेली नव्हती.

*

नियंत्रण कक्षात इंजिनिअर आहे. वर फ्यूजबद्दल लिहिलंय ते खरं आहे. ट्रान्सफॉर्मरच्या खाली काय चाललंय ते आम्हाला बहुतेक ठिकाणी दिसत नाही. स्मार्ट मीटर असेल तर वीज जाताना तो साठवलेल्या थोड्याशा ऊर्जेवर शेवटचा निरोप पाठवतो. नाहीतर तुमचा फोन हीच आमची नजर.

आपल्याला दिसत नाहीये, हे न कळणं सगळ्यात धोक्याचं. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या दुपारी ओहायोतल्या एका नियंत्रण कक्षाची अलार्म यंत्रणा बंद पडली होती आणि तिथल्या माणसांना ते ठाऊकच नव्हतं. झाडांना टेकून एकेक मोठी लाईन सुटत होती, शेजारच्या यंत्रणांचे फोन येत होते, पण स्क्रीन शांत होती. आम्हाला हे प्रशिक्षणात शिकवतात. मी तेव्हापासून फोनवरच्या माणसाचं स्क्रीनपेक्षा आधी ऐकतो.

लाईट आल्यावर एसी, गीझर, पंप पाच-दहा मिनिटं बंद ठेवा. बराच वेळ बंद असलेल्या भागात सगळी यंत्रं एकदम ओढायला लागतात आणि लोड नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होऊन फीडर परत ट्रिप होतो.

आणि धागाकर्त्याच्या प्रश्नाबद्दल. आमचं काम सैदी आणि सैफी या दोन आकड्यांत मोजतात: ग्राहकामागे वर्षाला सरासरी किती मिनिटं वीज नव्हती आणि किती वेळा गेली. या दोन्हींत, सांगितलेली वेळ खरी ठरली का, याला जागाच नाही. जे मोजलं जात नाही ते सुधारायला कुणी पैसे देत नाही. मी तीन वेळा प्रस्ताव दिलाय. चौथा लिहितोय, त्यात तुमच्या वडिलांची रात्र घालू का?

*

वडिलांबद्दल वाचलं. माझ्या आईचं व्हेंटिलेटर घरी होतं. तुमच्या कंपनीकडे अशा रुग्णांची यादी असते का ते विचारा आणि डॉक्टरांचं पत्र देऊन नाव नोंदवा. त्याने आमची लाईट कधी आधी आली नाही, फोन मात्र आधी आला. एकदा रात्री एकच्या सुमारास एक बाई बोलल्या, "जमिनीखालची केबल गेलीय, सकाळी आठच्या आत होणार नाही. तुमची बॅटरी किती वेळ पुरेल?" मी म्हटलं, तीन तास. त्या म्हणाल्या, "मग आत्ताच निघा." लाईट पावणेनऊला आली, तेव्हा आई हॉस्पिटलच्या खाटेवर गाढ झोपली होती.