मेट्रो अधिभारातला ठरावीक वाटा दरवर्षी वाहतूक नियोजनासाठी राखावा का?

सिंहगडरोडकर:
पुण्यात ६० लाखांचं घर घेतलं की मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार, म्हणजे ६० हजार रुपये भरावे लागतात. २०२२ पासून हे चालू आहे. हा पैसा बांधकामाकडे जातो. पण वाहनांची मोजणी, घरोघरी प्रवासाचं सर्वेक्षण, बसमार्गांची फेरआखणी, ही कामं अख्ख्या महानगर प्रदेशासाठी सतत चालू ठेवायला हक्काचा निधी कुठे आहे? २०१७ च्या मेट्रो धोरणानं सर्वंकष गतिशीलता आराखडा (शहरातल्या सगळ्या प्रवासाचं एकत्रित नियोजन) सक्तीचा केला आणि तो मेट्रोच्या प्रस्तावाला जोडायचा कागद होऊन बसला. सल्लागार येतो, अहवाल देतो, जातो. अधिभारातले २ टक्के पुमटाकडे, म्हणजे पुणे महानगराच्या एकत्रित वाहतूक प्राधिकरणाकडे, राखून ठेवा आणि वर्षभरात कोणती कामं होणार, कोणत्या कामाला किती तरतूद, हे १ एप्रिलआधी जाहीर करा.

हडपसरची_प्रवासी:
साफ विरोध. आराखड्यांची कमतरता कधीच नव्हती. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली, तीही नियोजन करूनच. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी उखडून टाकली. पीएमपी या शहर बससेवेची तूट पुणे महापालिका ६० आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी भरत आली आहे, तरी थांब्यावर ताटकळणं सुटत नाही. २ टक्के असतील तर त्यातून बस घ्या.

सिंहगडरोडकर:
ताई, बस घ्यायच्याच आहेत. पण कुठल्या मार्गावर? नगर रस्त्याचा अहवाल वाद पेटल्यावर मागवला गेला. दरवर्षीचे प्रवासी-आकडे हाती असते तर बीआरटी ठेवायची की काढायची, हा निर्णय आकड्यांवर झाला असता.

जर्सीतला_पुणेकर:
अमेरिकेत ५० हजारांवर वस्तीच्या प्रत्येक नागरी क्षेत्राला महानगर नियोजन संस्था लागते. १९६२ च्या महामार्ग कायद्यापासून या पद्धतीची घडण झाली. नियोजनाचा पैसा बांधकामापासून वेगळा येतो, साधारण ८० टक्के केंद्राचा आणि २० टक्के राज्य किंवा स्थानिक संस्थांचा. कामांची यादी खर्चासकट आधी छापली जाते आणि लोकांना त्यावर हरकत घेता येते. तरी माझ्या आजूबाजूला गाडीशिवाय जगणं अवघडच आहे, हेही सांगतो.

मुळाकाठ:
शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. निधी असून अधिकार नसेल तर काय उपयोग? घटनेच्या २४३ झेडई कलमात महानगर नियोजन समिती आहे, राज्याचा कायदाही १९९९ चा आहे. दोन महापालिका आणि पीएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) पुमटाच्या बैठकीला येतात, पण तिथला निर्णय त्यांच्या अंदाजपत्रकावर बंधनकारक नाही. आधी पुमटाला कायद्याचा आधार द्या, मग निधीचं वेगळं लेखाशीर्ष (हिशेबातलं खातं) उघडा.

हडपसरची_प्रवासी:
मुळाकाठ यांच्याशी सहमत. आणि टक्केवारी नकोच. घरविक्री मंदावली की अधिभार घटतो; मग पगारावर ठेवलेले नियोजनकार घरी बसवणार का? ठोक रक्कम ठरवा. बसचा पैसा त्यासाठी वळवणार नाही, हेही लिहून द्या.

सिंहगडरोडकर:
ठोक रक्कम मान्य. कायद्यासाठी थांबणं मात्र मान्य नाही. मोजणी या पावसाळ्यानंतरही सुरू करता येईल.