चाचणी मोफत, पत्रकं लोकांच्याच भाषेत, तरी स्थलांतरित पुढे का येत नाहीत?

प्रश्न: कोविडच्या साथीत बऱ्याच देशांत हे दिसलं. मुळात माहितीच पोचत नाही की दुसरं काही आडवं येतं? आरोग्य पथकाने सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: अज्ञान कमी, हिशेब जास्त. अमेरिकेत ‘पब्लिक चार्ज’चा कडक नियम २४ फेब्रुवारी २०२० ला लागू झाला. ठरावीक सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडू शकत होतं. कोविडची चाचणी-उपचार त्यात धरणार नाही, हा खुलासा मार्चमध्येच आला. पण भीती जितक्या वेगाने पसरते तितका खुलासा पसरत नाही. पोर्तुगालने त्याच महिन्यात, ज्यांचे अर्ज प्रलंबित होते त्यांना १ जुलैपर्यंत कायदेशीर रहिवासी मानलं. अर्जच न केलेले मात्र बाहेर राहिले.
चाचणीच्या टेबलावर नाव आणि निकाल कळवायला फोन नंबर, एवढंच घ्या. ‘कागदपत्रं मागणार नाही’ हे पहिलं वाक्य. गणवेशातला माणूस दारात नको.

उत्तर २: पत्रकांवर फार भिस्त नको. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं, असा सरळ अर्थ लागतो. आयसोलेशन आणि क्वारंटाइनला अनुवादात एकच शब्द पडतो, मग आजारी कोण आणि फक्त संपर्कात आलेला कोण, याचा घोळ. एकाने अनुवाद करावा, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने तो परत मूळ भाषेत आणावा. मग वस्तीतल्या दोघातिघांना विचारा, ‘हे ऐकून घरी गेल्यावर काय कराल?’ बोलता येतं पण लिपी येत नाही असेही बरेच असतात. त्यांच्यासाठी मिनिटभराचा आवाजी संदेश. त्यात तारीख बोला, नाहीतर जुना नियम महिनाभर फिरत राहतो.

उत्तर ३: खरी अडचण निकालानंतर. सिंगापूरच्या कामगार वसतिगृहांत २०२० मध्ये तीन लाखांहून जास्त लोक होते, एकेका खोलीत १२ ते २० जण. तिथे ‘वेगळे राहा’ म्हणजे कुठे? मेलबर्नमध्ये ४ जुलै २०२० ला नऊ सरकारी निवासी इमारती पूर्वसूचनेशिवाय पोलीस लावून बंद केल्या, सुमारे ३,००० रहिवासी आत. तडकाफडकी केलेली ती बंदी मानवी हक्कांचा भंग होती, असं राज्याच्या लोकपालांनी डिसेंबरमध्ये म्हटलं. चाचणीला गेलं की दाराला पोलीस, असं दिसल्यावर कोण येईल?
म्हणून नमुना घेण्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात: बुडालेली मजुरी कोण देणार, जेवण कोण पोचवणार, वेगळी खोली कुठे. रोजंदारीवाल्याला पहिलीच सगळ्यात महत्त्वाची.

प्रश्नकर्ता: धर्मगुरूंना मध्ये घातलं तर?

उत्तर २: घाला, पण एकट्यांना नको. वस्तीत गट असतात. मुकादम, दुकानदार, बायकांच्या गटातली कुणीतरी, हेही हवेत. मात्र मजुरांचे निकाल मुकादमाकरवी कळवू नका, नोकरी जाते.