मदत हवी आहे: ही खरी सोनकी आहे का? (रविवारच्या आत सांगा प्लीज)

नमस्कार मंडळी, मी मुलुंडला राहते, फुलातलं मला फारसं कळत नाही. गेल्या वर्षी गणपतीनंतर लोहगडला गेलो होतो तेव्हा अख्खा उतार पिवळाधमक, ग्रुपमधला एक दादा म्हणाला ही सोनकी, आणि तेव्हापासून डोक्यात बसलं की बाल्कनीत ही हवीच. (गडावरून काही उपटून आणलं नाही हां, आधीच सांगते.) एका नर्सरीत सोनकीच्या नावाने बियांचं पाकीट मिळालं, जूनमध्ये पेरलं, झाड आता माझ्या कमरेच्या वर गेलंय आणि फुलं पिवळी कमी नारिंगी जास्त. लोहगडचे फोटो काढून बघितले तर तिथली पानं साधी, कडेला दाते असलेली, माझ्याकडची झेंडूसारखी चिरलेली. वाळलेलं बी काळं, सुईसारखं, ओढणीला असं चिकटतं की विचारू नका.

एवढं कुणाला त्रास दिला नसता, पण आमच्या सोसायटीमागे नॅशनल पार्कची भिंत आहे आणि समोरच्या काकांनी ठरवलंय की रविवारी मुलांना घेऊन हे बी भिंतीपलीकडे उधळायचं, डोंगर पिवळा होईल म्हणून. थांबवू का त्यांना?

प्रतिसाद १: थांबवा! हा कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोचा. पुण्याच्या टेकड्यांवर हा किती पसरलाय ते जाऊन बघा, तिथलं देशी गवत आणि फुलं याच्याखाली दबतात. सोनकीच्या बीला म्हातारीसारखे पांढरे केस असतात, ते वाऱ्यावर उडतं, कपड्याला चिकटत नाही. सोनकी म्हणजे सेनेसिओ बॉम्बेएन्सिस, नावात बॉम्बे असलं तरी ती सह्याद्रीच्या सड्यांवर (म्हणजे कातळाच्या सपाट पठारांवर), कातळावरच्या बोटभर मातीत, गडाच्या तटाच्या फटीत फुलते.

प्रतिसाद २: पिवळंच हवं असेल तर कवळा लावून बघा ना, पावसाळ्यात आदिवासी बायका बाजारात भाजी विकायला आणतात तोच. फूल पिवळं, बारकं, आणि पानाला हात लावला की लाजाळूसारखं मिटतं, मुलं खूश.

धागाकर्ती: बाप रे, थँक्यू दोघांनाही. काकांना सांगितलं, जरा रुसलेत. पाकिटात अजून मूठभर बी आहे, कचऱ्यात टाकलं तर डंपिंगला जाऊन उगवेल ना हो? जाळू का सरळ?