मदत हवी आहे: संत्र्याच्या सालीचं लिमोनीन (तेलातला मुख्य, पेट घेणारा द्रव) जहाजाने पाठवायचं आहे, फॉरवर्डर (माल पाठवणारा एजंट) म्हणतो नॉन-हॅझ (बिनधोक्याचा माल) दाखवा

नमस्कार मंडळी, वरुड तालुक्यातल्या खेड्यात आमची शेतकऱ्यांची छोटी कंपनी आहे, आंबिया बहाराच्या संत्र्याची गळ आणि बारीक फळं कोणी घेत नाही म्हणून सालीचं तेल काढतो आणि त्यातून लिमोनीन वेगळं करतो. आता युरोपातून पहिली ऑर्डर आली आहे, 200 लिटरचे 24 ड्रम, न्हावा शेवा बंदरावरून एलसीएलने (इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये).

फॉरवर्डर म्हणते का भाऊ, संत्र्याचंच तर तेल आहे, एमएसडीएस (मालाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद) दाखवूच नका, नॉन-हॅझमध्ये बुक करून टाकू, भाडं बरंच कमी लागते. मला हे पटून नाही राहिलं. लॅबच्या रिपोर्टमध्ये फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते) 48 डिग्री आला आहे, आणि आयएमडीजी कोडमध्ये (धोकादायक माल समुद्रातून नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) फ्लॅश पॉइंट 23 ते 60 मधला ज्वलनशील द्रव म्हणजे क्लास 3, पॅकिंग ग्रुप 3 (त्यातल्या त्यात कमी धोक्याचा गट). लिमोनीन तिथे डायपेंटीन नावाने येते, यूएन नंबर 2052, वरून समुद्राला घातक म्हणून मासा-झाडाचा शिक्काही लागतो.

मागच्या मे महिन्यात आमच्या टिनाच्या शेडमधले दोन ड्रम फुगले होते. बूच सैल केलं तर फस्सकन वाफ आली, बुचाच्या आतला रबरी वायसर (वॉशर) फुगून इतका मऊ झाला होता का बोटाने दाबला तर तुकडाच हातात आला. जमिनीवर हे हाल, मग बंद कंटेनरमध्ये महिनाभर काय होईल? 9 जून 2025 ला केरळच्या समुद्रात वान हाय 503 जहाजाला आग लागली, 22 खलाशांपैकी 4 बेपत्ता झाले. कोणत्या पेटीत काय आहे हे जहाजावरच्या पोरांना कागदावरूनच कळते, तो कागदच मी खोटा दिला तर?

ड्रम आम्ही नागपूरहून जुने, धुतलेले आणतो, ते चालतात का? हॅझ माल एलसीएलमध्ये कोणी घेते का? विम्याचं काय करायचं? कोणी केलं असेल तर सांगा, पार्टनर लोक घाई करून राहिले.

प्रतिसाद:
दादा, मी मूळचा दारव्ह्याचा, आता न्हावा शेवाला डॉक्युमेंटेशन पाहतो. नॉन-हॅझ अजिबात करू नका. डीजी डिक्लेरेशनवर (धोकादायक मालाचं घोषणापत्र) सही शिपरची म्हणजे तुमची असते, पकडलं तर लाईनचा (जहाज कंपनीचा) दंड तुमच्यावर येतो, आणि माहिती लपवली म्हणून विमावाला क्लेम उडवतो. म्हणून विमा काढतानाच क्लास 3 आहे हे लिहून द्या.

ते जुने ड्रम सोडा. नवीन घ्या, यूएनचा शिक्का पाहून, 1ए1 (वरचं झाकण न निघणारा स्टीलचा ड्रम) आणि पुढे वाय किंवा झेड, पॅकिंग ग्रुप 3 ला दोन्ही चालतात, सोबत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगचं सर्टिफिकेट मागा. वायसर टेफ्लॉनचा लावा, रबर लिमोनीनमध्ये टिकतच नाही. आणि ड्रम काठोकाठ भरू नका, 55 डिग्रीला द्रव फुगला तरी वर जागा उरली पाहिजे असा नियमच आहे.

एलसीएलमध्ये हॅझ घेणारे थोडे आहेत पण आहेत. एमएसडीएस आधी पाठवा, लाईनचं अप्रूव्हल लेखी आल्याशिवाय गाडी वरुडहून हलवू नका, नाहीतर इथे सीएफएसमध्ये (बंदराजवळचं कंटेनर गोदाम) माल अडकतो आणि भाडं चढत राहते. शेजारी ऑक्सिडायझर (आग भडकवणारं रसायन) भरणार नाही ना, हेही लेखीच घ्या. गाडी उन्हात उभी ठेवू नका.

धागाकर्ता:
खूप आभार भाऊ. वायसरचं तर आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हतं. फॉरवर्डरला आत्ताच नाही म्हणून कळवलं. नवीन ड्रमचा भाव काढतो, जुने शेडमध्येच पाण्यासाठी वापरू का तेही चालणार नाही?

प्रतिसाद:
पाण्यासाठी तर मुळीच नको दादा, लेकरं पितात त्यातलं.