मदत हवी आहे : धर्मादाय खाट नाकारली, आता कोणाकडे जायचं?

आमच्या सोसायटीत पोळ्या करणाऱ्या मावशींचे यजमान पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात दाखल आहेत. मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन परवा आहे. आम्ही शेजाऱ्यांनी वर्गणी काढून डिपॉझिट भरलं, पण पुढचं बिल आवाक्याबाहेर आहे. पिवळं रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दोन्ही आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे रुग्णालय नाही, आणि डॉक्टर म्हणतात आता पेशंटला हलवू नका.

धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत राखून ठेवायच्या असतात. तिथले समाजसेवक म्हणतात, ‘सगळ्या भरल्यात.’ धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर मात्र याच रुग्णालयात खाटा रिकाम्या दिसतात! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. लेखी नकार मागितला, तो देत नाहीत. माणूस वेदनेत आहे आणि मावशी टेबलाटेबलांवर हात जोडत फिरताहेत, हे बघवत नाही.

पैसे नकोत, माहिती हवी आहे. जनरल वॉर्डात पैसे भरून दाखल झालेला रुग्ण मधेच या १० टक्के मोफत खाटांच्या योजनेत घेतात का? भरलेलं डिपॉझिट परत मिळतं का? आणि धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात अर्ज दिला, तर ऑपरेशनच्या आधी हालचाल होते का, की तिथल्या निरीक्षकांना प्रत्यक्षच भेटावं लागतं?